गट ब : उशिरा उपचार

५ मार्च २००१, सोमवार. शिरूर.
चोवीस उंदरांच्या मूत्राशयात बॅक्टेरिया सोडले. तिथून ते वर किडनीत चढतील. अ गटाला औषध दुसऱ्या दिवशी, ब गटाला सहाव्या, क गटाला नाहीच. उशीर केला तर नुकसान किती, एवढाच प्रश्न.
कारेगावच्या लॅबमध्ये बायका दोनच. मी आणि पिंजरे धुणाऱ्या सोजराबाई. त्यांचं घर समोरच. लेडीज टॉयलेटला कुलूप. पितळी, मध्यम आकाराचं. निरीक्षण माझं चोख असतं. किल्ली अर्थात वॉचमन हौसरावमामांकडे, गेटवर. तिथे कायम चार पुरुष बसलेले. आठ महिन्यांत मागितली नाही. गरज नाही.
संकल्प : सकाळी आठनंतर पाणी बंद. नऊ तास सहज निघतात.

७ मार्च
अ गटाचं औषध सुरू. मला लघवीला जळजळ. ऊन वाढलंय. घरी धण्याचं पाणी घेतलं. विषय संपला.

९ मार्च
सोजराबाई भुसा बदलताना म्हणाल्या, "ताई, उंदराच्या मुताचा थेंब न् थेंब लिवता. सवताचं कवा?"
मी वजनं घेत होते.
"आन् ती बाटली सकाळी भरल्याली तशीच हाय. शोभंची हाय का?"
मला तहान कमी लागते, म्हटलं.
"व्हय, उंटिणीवानी."

१० मार्च
उजवीकडे, बरगड्यांखाली पाठ दुखते. एसटीची सीट. उद्यापासून डावीकडे बसणार.

११ मार्च, रविवार
ब गटाचं औषध आज सुरू करायचं म्हणून गेले. उंदीर पाठ वाकवून कोपऱ्यात. खाणं निम्म्यावर. मीही डबा उघडला नाही. संबंध नाही.
घरी ताप १०१.४. थर्मामीटर जुना आहे.

१२ मार्च
नवा थर्मामीटर. १०२.८. हुडहुडी. सोजराबाईंनी न विचारता कपाळाला हात लावला. "दवाखान्यात जाता का पिंजऱ्यात घालून न्हिऊ?"
उद्या बघू, म्हटलं.

१३ मार्च. दवाखाना.
सलाइन. उजव्या किडनीला इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? दोन दिवस, मी म्हणाले.
रोजनिशी चाळली. ७ ते १३. सहा.

१६ एप्रिल, सोमवार
कामावर रुजू. सरांनी निकाल दाखवले. औषध दिलेल्या दोन्ही गटांतले जंतू गेले. अ गटाच्या किडन्या गुळगुळीत. ब गटात आठपैकी सहांवर व्रणाचे खड्डे. ते भरून येत नाहीत. उंदराचा व्रण किडनी कापून बघता येतो. माझा आहे की नाही, ते तीन महिन्यांनी तपासणार.
किल्ली मागितली. वाक्य घरी पाठ केलं होतं. चौघेही बसलेले होते.
मामा म्हणाले, "कशाची किल्ली?"
सोजराबाईंनी बादली ठेवली आणि मला दारापर्यंत नेलं. कुलूप उघडंच होतं, कडीत नुसतं अडकवलेलं.
"वाऱ्यानं दार आपटतंय म्हणून लावलंय," मामा मागून म्हणाले. "किल्ली मी आलो तवाबी नव्हती."
त्या दारासमोरून मी रोज चार वेळा जाते. अंतर दीड मीटर.