दोन हंगामांचं पत्र

बाबा, आज कायमच्या रहिवासाचा फॉर्म भरायला बसले आणि पहिल्याच पानावर तुम्ही आडवे आलात. या देशात येण्यापूर्वीचा कामाचा अनुभव लिहा म्हणे, महिन्यांत! आपल्या कळंबात महिने कोण मोजतं? कापसातून सरकी काढायचं जिनिंग दिवाळीला सुरू होतं, होळीला थांबतं, आणि माणूस म्हणतो, एक वर्ष झालं. मीही तुम्ही कामाला होतात त्याच जिनिंगच्या प्रयोगशाळेत दोन हंगाम रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, तपासली आणि जगाला दोन वर्षं सांगत सुटले.

तुम्ही तिथले ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे. कापसाची गाडी फाटकात उभी राहते, तुम्ही ढिगात कोपरापर्यंत हात घालता, आतला कापूस काढता आणि तंतू ओढून डाव्या हातावरच्या काळ्या फडक्यावर ठेवता. एवढंच, पण सगळं फाटक श्वास रोखून असतं. त्या वर्षांत कापूस अळीनं पोखरलेला, पिवळा पडलेला यायचा आणि लोक हात जोडायचे. बाभुळगावच्या मामांच्या गाडीलाही तुम्ही दुसरीच ग्रेड दिलीत. मामा ओरडले, "भाऊजी, बहिणीच्या तोंडाकडं तरी पाहा!" तुम्ही म्हणालात, "तोंड पाहून ग्रेड देत असतो, तं हे फडकं कायले ठेवलं असतं?" आई आठ दिवस तुमच्याशी बोलली नाही. मला मात्र तुमचा फार अभिमान वाटला. माझी पाळी यायची होती ना अजून.

नोकरीच्या व्हिसाला दोन वर्षांचा अनुभव हवा होता आणि प्रयोगशाळा तुमच्या हाताखाली, म्हणून ते पत्र तुमच्याच सहीनं निघायचं. तुम्ही लिहिलंत, दोन हंगाम, एकूण दहा महिने. मी ते स्वयंपाकघरात तुमच्या ताटाशेजारी आपटलं. "सारेच दोन वर्षं लिहितेत, बाबा!" भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "हंगाम म्हंजे वर्ष नाही होत, पोरी. बाकीचे महिने तू घरीच होती ना?" मी यवतमाळला जाऊन दुसरं पत्र टाइप करून आणलं, दोन वर्षांचं, आणि खाली तुमची सही मीच केली. व्हिसा आला. निघताना तुम्ही ते काळं फडकं घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवलंत. "राहू दे तुह्याजवळ. मले नाही लागत आता." मला वाटलं, माया.

तुम्ही गेलात तेव्हा माझ्या व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. मी आले नाही. पुढे आले तेव्हा आईनं सांगितलं, "व्हिसावाल्यायचा फोन आलता जिनिंगवर. पत्रावरची सही तुमचीच का, म्हणून इचारलं. हो म्हणाले. घरी आले अन् जेवलेच नाही. मंग कधी ढिगात हात नाही घातला त्यायनं. वजनकाट्यावर बसाले लागले."

आता खरे दहा महिने लिहिले, तर जुन्या पत्राशी ताळमेळ बसणार नाही. विचारणा होईल, कदाचित गाशा गुंडाळावा लागेल. नवऱ्याचा व्हिसा माझ्यावर अवलंबून आहे, लेक इथल्या शाळेत रुळली आहे. तरी सकाळी मी रकान्यात दहा लिहिलं आणि तुमचं खरं पत्र जोडलं. इतकी वर्षं ते त्या फडक्याच्या घडीतच होतं, तुम्हीच ठेवलेलं. खरं सांगू, मला तुमचा रागही येतो. मामांना तोंडावर नाही म्हणालात, मग फोनवर माझ्यासाठी हो का म्हणालात? नाही म्हणाला असतात तर मी कळंबातच राहिले असते, चिडून, पण तुमचा हात ढिगात गेला असता.

संध्याकाळ झाली. दहाचा आकडा अजून रकान्यात आहे. पाठवायचं बटण मी दाबलेलं नाही. आईला मात्र दुपारीच फोनवर सांगून टाकलं, फॉर्म पाठवला म्हणून.