वसंताच्या ट्रॅक्टरवरची गार केबिन

५ मे १९६३
वसंता काल ट्रॅक्टर घेऊन आला. कोल्हापूरहून घाट उतरून. तळेऱ्यापासून लोक मागून चालत होते म्हणे. चौदा वर्षं नागपूरच्या मोटार कारखान्यात काढून धाकटा भाऊ घरी आला, आनंद व्हायला हवा. झाला. संध्याकाळपर्यंत टिकला. मग गावचे मुख्य मानकरी, गावकर आबा, आमच्या खळ्यात बसून म्हणाले, "यंदा देवाचो कुणगो ह्या यंत्रान नांगरूया."
देवाच्या शेतातलं पहिलं तास, नांगराची पहिली रेघ, आमच्या घराचं. वडील गेल्यापासून मी धरतो. तोवर गावात कुणी जोत बांधत नाही. आबा बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते. मृगाच्या आधी देवाला कौल लावायचा ठरलं.

८ मे
वसंता ट्रॅक्टरच्या बैठकीभोवती फणसाच्या फळ्यांची केबिन करतोय. बाजूंना वाळ्याचे पडदे, टपावर भोकं पाडलेला घासलेटचा डबा, त्यातून पडद्यांवर पाणी ठिबकणार. आत इंजिनाच्या पट्ट्यावर पंखा.
"दादा, नागपूराक भायर आग आसता, पण पडदो भिजवलो काय भितुर थंडगार!"
आबा म्हणाले, "मेल्या, मग नांगरतलस कधी? झोप लागात तुका थंय!" सगळे हसले. सगळे कौतुकानं हसले.
पस्तीस वर्षं उन्हात नांगरामागे चाललो. डोक्यावर झाडाचं पान धरायची कुणाला आठवण झाली नाही. असं लिहू नये. लिहिलं.

१० मे
सौ. ओटीवर बसून वाळ्याची मुळं सुंभात ओवत होती. दिराचा पडदा. मी विचारलं, "घरातली कामा सपली?"
"सपली. तुमका कित्याक राग?"
"माका खंयचो राग!"
"मग कपाळार आठयो कित्याक?"
वास छान येत होता. त्याचाही राग आला.

१३ मे
आंघोळ करून पंचा दोरीवर टाकला तो दुपारपर्यंत तसाच दमट. समुद्राकडची हवा, दरवर्षी या दिवसांत असंच. तिथेच उभा राहिलो. इथे पंचा वाळत नाही, तर पडद्याचं पाणी कुठे जाणार? आणि पाणी उडालं नाही तर गारवा कसला? नागपूरची हवा कोरडी, तिथे चालत असेल. इथे चारी बाजूंनी बंद पेटी, खाली तापलेलं इंजिन, वर ही ओल. भात वाफवायचं भांडंच.
वसंता समोर डबा बसवत होता. सांगायला दहा पावलं जायचं होतं. गेलो नाही.

१६ मे
आज मळ्यात परीक्षा. निम्मा गाव जमला होता. वसंता आत बसला, पडदे सोडले, पाणी ठिबकू लागलं. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीला ट्रॅक्टर मध्येच थांबला. पडदा ओढून वसंता बाहेर आला, लालबुंद, पाय टेकला आणि कोसळला. सौ. धावली, पदरानं वारा घालू लागली. मीही धावलो, पण उशिरा. दहा पावलांनी उशिरा.
शुद्धीवर आला. आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा जोत तयार ठेव रे बाबा. कौलाची गरज पडाची नाय."
जे वाटलं तो आनंदच होता.

१७ मे
जप झाला नाही. माळ हातात घेतली आणि ठेवली.
वसंता पडून आहे. मला म्हणाला, "दादा, खंय चुकला ता कळणा नाय. नागपूराक चलता, हंय कित्याक नाय?"
"माका काय कळता त्यातला," मी म्हटलं.
तो म्हणाला, "तुका सगळा कळता. ल्हानपणापासून."

२० मे
सांगितलं. पंच्याचंही सांगितलं, कोणत्या दिवशी कळलं तेही. वसंता एवढंच म्हणाला, "बरा. आता काय करुया ता सांग."
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

२३ मे
पडदे काढले. बाजूच्या फळ्या मीच करवतीनं कापल्या. इंजिनाकडची फळी ठेवली, टपावर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप दुपदरी घातले, पंख्याचं तोंड बाहेरच्या वाऱ्याकडे फिरवलं. वसंता दुपारी तासभर नांगरून हसत आला. भेटेल त्याला सांगत सुटलाय, "दादान दुरुस्त केल्यान!" आबांनी पुन्हा कौलाचं काढलं.
मग वसंतानं मला हाताला धरून बैठकीवर बसवलं. पंखा सुरू केला आणि स्वतः बाजूला उभा राहून ट्रॅक्टर हाकला. तोंडावर वारा, डोक्यावर सावली, खाली जमीन आपोआप उलटत होती. बरं वाटलं. फार बरं वाटलं. उतरलो तर गोठ्यात बैलांसमोर उभं राहवेना.

५ जून
उद्या कौल. देवाच्या अंगावर पाण्यानं चिकटवलेल्या फुलांच्या कळ्यांतला उजवा कळा आधी पडला तर ट्रॅक्टर, डावा पडला तर माझं जोत. वसंता म्हणतो, "उजवो पडलो तरी बैठकीर तूच बस, मान तुझोच." तसं आजवर कुणी केलेलं नाही. आबा मान्य करतील की नाही, कोण जाणे. शिवाय वसंतानं दिलेला मान मला नको. आणि ती बैठक हवी आहे.
तिन्हीसांजेला देवळात गेलो. देवाजवळ मनातलं बोलून यायची माझी रीत. हात जोडले. कोणता कळा मागावा तेच ठरेना. बाबू गुरव दार ओढायला आला.
"मागलास?"
"अजून मागूक नाय," मी म्हटलं.
त्यानं दार ओढलं नाही, दाराला हात लावून माझं मागून व्हायची वाट पाहत उभा राहिला.