हंबरठा

१२ जाने. १९७५, रवि.
काल सुमीचं पत्र आलं. लग्न होऊन कवठे महांकाळला गेली त्यानंतरचं दुसरं. 'ती. दादांस शि. सा. न. वि. वि. मी येथे सुखरूप आहे. घरची सर्व मंडळी चांगली आहेत. काळजी नसावी.' तीनदा वाचलं. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. वीस वर्षं मास्तरकी करतोय, पण बिनचूक कागदाची भीती वाटली ती पहिल्यांदाच.
सौ. म्हणाली, "खुशाल आहे म्हणते की." म्हटलं, खुशाल असती तर ठमीची चौकशी केली असती. ठमी म्हणजे आमची मांजरी. सुमीच्या भाषेत 'फिसकारभारीण'.

१४ जाने.
संक्रांत. सुट्टी. सौ. सकाळपासून कोंबडघाईत. (हाही शब्द सुमीचाच. पाहुणे यायच्या आधी सौ. उगाच इकडून तिकडे पळते ती.) घरातल्या जनावरांवरून पोरीने इतके शब्द पाडून ठेवलेत की आम्हाला आता त्यांच्यावाचून बोलता येत नाही. खंड्या कुत्रा शेपटीने करतो तो शेपस्कार. ओट्यावर ठमीच्या अंगापुरतं येतं ते मांजरऊन. बिजली म्हैस तिन्हीसांजेला दावं तोडून मागच्या उंबरठ्याशी येते आणि आत कुणी दिसेपर्यंत हंबरते, तो हंबरठा.
पाचवीत तिने निबंधात 'आमचे मांजर दुधाळशी आहे' असं लिहिलं होतं. मी लाल रेघ मारून शून्य दिलं. वर्गात बाप नाही, गुरुजी, वगैरे. हात झडले असते तर बरं.

१९ जाने., रवि.
जावई फौजेत. रजा संपवून कधीच गेले. घरात सासू, सासरे, वीस-पंचवीस शेळ्या आणि आमची पोर. सासरे तरी दोन शब्द बोलतात. विहीणबाई मात्र लग्नात चार दिवसांत हसलेल्या मी पाहिल्या नाहीत. तिथं सुमी हसते का, एवढंच मला कळायला हवंय. पण हे पत्रात विचारायचं कसं? तिथं पत्र सगळ्यांसमोर वाचलं जात असणार.
शेवटी गळ टाकला. कार्ड लिहिलं: 'तू गेल्यापासून बिजलीला हंबरठा फार आहे. तेवढ्या वेळात वैरणीला तोंड लावत नाही.' तिचाच शब्द आहे. बघू, त्याला काय उत्तर देते.

२५ जाने.
उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारतो म्हणून तो आता लांबूनच मान हलवतो.

२ फेब्रु., रवि.
आज जे झालं ते सविस्तर लिहितो.
दुपारी खंड्या न भुंकता नुसता शेपस्कार करत सुटला म्हणून बाहेर आलो, तर दारात व्याही. खांद्यावर घोंगडं, हातात फडक्यात बांधलेल्या कसल्याशा मुळ्या. पहाटेची एसटी धरून, सांगलीत गाडी बदलून आलेले. मी आधी विचारलं, "सुमी बरी आहे ना?"
"सूनबाईचं ऱ्हाऊ द्या. म्हस कुठाय?"
पाणीसुद्धा न घेता थेट मागच्या परड्यात. बिजलीचे कान चाचपले, जीभ ओढून पाहिली. "आवं गुर्जी, हिला काय धाड भरलीया? लय झ्याक हाय की!"
मग उलगडा झाला. माझं कार्ड सुमीने घरात मोठ्यानं वाचलं. आणि हंबरठा म्हणजे रोग, असं व्याही समजले! "चार गावं इचारत फिरलो. कुणालाच म्हाईत न्हाई. आमची मंडळी तेवढी म्हणली, तिच्या म्हायेरी एक म्हस हंबरठ्यानंच गेली."
म्हटलं, सुमीने सांगितलं नाही?
"ती कुठली सांगती! हंबरठ्यापातूर वाचलं आन् पदर तोंडात कोंबून आत पळाली. इचारलं तर मान खाली. म्हनून तर म्हटलं, रोग वंगाळ दिसतोय."
सांगावंच लागलं. शब्द आमच्या सुमीचा, कुठल्या कोशात नाही, आणि कार्डावर लिहिणारा मीच गाढव. व्याही म्हणाले, "म्हंजी गुर्जी, तुमीबी आमच्यावानीच?" आणि असे हसले की बिजली बिचकून मागे सरली. संध्याकाळी ती उंबरठ्याशी आली तेव्हा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "आला बगा हंबरठा." मनापासून आवडला मला माणूस.

३ फेब्रु.
व्याही सकाळच्या गाडीने गेले. मुळ्या परत नेईनात. "कवातरी लागतील." फाटकात एकदा थांबले. "आता मंडळीला काय सांगू? तिची म्हस कशानं गेली म्हनायची?"
स्टँडवर गाडीची वाट बघताना मीही धीर करून विचारलं: सुमी आत पळाली ती रडत का हसत? जरा आठवून म्हणाले, "त्वांड न्हाई दिसलं."

१५ फेब्रु., शनि.
सकाळची शाळा करून आलो तर पत्र. अंतर्देशीय, तिन्ही बाजू भरलेल्या. चारपाच ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ झालंय. देवाची कृपा.
लिहिते: 'मामंजींनी आल्या आल्या सारं सांगितलं. सासूबाई भयंकर रागावल्या. माझ्या माहेरची म्हस काय मी स्वप्नात बघितली का, म्हणाल्या. दोन दिवस आमच्याशी अबोला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आपण होऊन म्हणाल्या, "तुलाच येत्यात व्हय गं शब्द?" तेव्हापासून आमच्याकडे रोज दिवस मावळताना बेंबटोळं असतं. शब्द सासूबाईंचा. मला एकटीला आवरत नाही, दोघी लागतो.'
बेंबटोळं. सौ. म्हणते, शेळ्या रानातून येतात आणि करडं बें-बें करत आईला हुडकतात, ते. मला वाटतं घोळक्यात दोघींची धांदल उडते, ते. अर्धा तास वाद घातला. पदराआड हसली की रडली, याबद्दल पत्रात अक्षर नाही.
सौ. म्हणाली, "विचारा की कार्ड घालून, बेंबटोळं म्हणजे काय."
म्हटलं, नको. तो त्यांच्या घरचा शब्द आहे.
तरी कार्ड घेऊन बसलोय. 'चि. सौ. सुमनास अनेक आशीर्वाद' एवढं लिहून झालंय.