घर दाखवण्याची सिस्टिम

जळगाव. बुधवार, ३ फेब्रुवारी १९३७

आज नक्की ठरले. घर विकून धुळ्याला जायचे.

आमची एकुलती मुलगी कमल धुळ्याला दिली आहे. तिची सासू गेल्या वर्षी वारली, दोन पोरे लहान, तिची स्वतःची प्रकृती तोळामासा. तिच्या भिंतीला भिंत लागून एक घर रिकामे आहे. मालक ओळखीचा. पाडव्यापर्यंत तुमच्यासाठी थांबतो म्हणाला. सौ. तर आत्तापासून म्हणते, मधल्या भिंतीला खिडकी पाडली की पोरे इकडून तिकडे देता येतील.

माझे जाणे जावईबापूंच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. शाळामास्तर आहेत. माणूस चांगला, पण सल्ला द्यायला वडीलधारे कोणी नाही.

सौ.चे मत: चार लोकांना सांगून ठेवा, ज्याला हवे तो येऊन बघून जाईल. मी तिला समजावले की कचेरीत एकतीस वर्षे काढलेला माणूस कामे अशी मोघम करत नाही. वाचनालयात एका विलायती मासिकात लेख वाचला आहे. घर विकायचे नसते, दाखवायचे असते. गिऱ्हाईक पहिल्या दहा पावलांतच मनाशी ठरवून टाकते. फर्स्ट इम्प्रेशन. लेखाची शेवटची दोन पाने कोणी फाडून नेली आहेत, पण मुद्दा कळला.

महिन्याभरात घर जाईल. पंधरा दिवसांत गेले तरी आश्चर्य दाखवायचे नाही.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

नासीर मिस्त्रीला बोलावले. आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो, सुतारकाम आणि रंगकाम दोन्ही करतो. पुढचे दार उंबऱ्याला घासते. तो म्हणाला, नाना, आधी रंधा मारू, मग रंग. मी म्हणालो, आधी रंग. गिऱ्हाईक दार बघते, दाराचा तळ बघत नाही.

रंग निवडला समुद्री हिरवा. नासीरने विचारले, समुद्र हिरवा असतो का. असतो म्हणालो. मीही पाहिलेला नाही, पण ते त्याला सांगण्याचे कारण नव्हते.

सोमवार, ८ फेब्रुवारी

दाराला रंगाचे तीन हात झाले. फार शोभते.

उघडत नाही.

रंग वाळताना चौकटीला धरला. नासीर बाहेरून, मी आतून, असा अर्धा तास जोर लावला. शेवटी त्याने विचारले की रंधा आता मारू का. बोलण्यात खोच होती. मी नको म्हणालो. इतके सुंदर दार तासायचे म्हणजे काय. तूर्त मागच्या बाजूने, गोठ्यातून जा-ये चालू आहे. तात्पुरते.

बुधवार, १० फेब्रुवारी

बाहेरच्या भिंतींना कालच चुना दिला. आज सकाळी पाहतो तर निवडणुकीच्या लोकांनी गेरूने हातभर अक्षरांत मते मागितलेली. पांढरी भिंत दिसली की या लोकांना राहवत नाही. पुन्हा चुना दिला, आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून ठळक काळ्या अक्षरांत स्वतः लिहिले: भिंतीवर लिहू नये.

सौ.ने बाहेर येऊन वाचले. म्हणाली, मग हे कशावर लिहिलंय. बायकांना नियम आणि नियमाचा अपवाद यातला फरक कळत नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

दार उघडत नाही, म्हणजे गिऱ्हाईक गोठ्यातून येणार. यावर विचार केला आणि तोड निघाली. गोठाच ठेवायचा नाही. गाय सौ.च्या भावाच्या मळ्यात पाठवली, जमीन सारवून घेतली, दावणीच्या जागी टेबल आणि शाईची दौत. आता गिऱ्हाईक ऑफिसातून घरात येईल. अडचणीचे सोने करणे यालाच म्हणतात.

वास अजून आहे. जाईल.

संध्याकाळी सौ.ने बिनदुधाचा चहा पुढे ठेवला. मी आवडीने दोन घोट घेतले.

रविवार, १४ फेब्रुवारी

उद्या सकाळी दहाला मोतीलाल शेठ येणार. कापसाचे मोठे व्यापारी. धाकट्या भावाला घर बघताहेत. असे गिऱ्हाईक चुकून मिळत नाही.

तयारी: बैठकीत पांढरी शुभ्र चादर अंथरली. नासीरकडून सहा खुर्च्या आणून भिंतीशी ओळीने मांडल्या. वासावर उपाय म्हणून चारी कोपऱ्यांत उदबत्त्या. चूल आजपासून बंद, कारण धुराने चुना काळवंडतो. सौ.ला सूचना: आतल्या खोलीत बसायचे, भांड्याचा आवाज नको. मी स्वतः पांढरे धोतर, पांढरा सदरा, चेहरा गंभीर. हसणाऱ्या माणसाकडून घर घ्यायला लोक बिचकतात.

सोमवार, १५ फेब्रुवारी

पूर्ण यश.

शेठ वेळेवर आले. मागून, ऑफिसातून आत घेतले. बैठकीत पाऊल टाकताच ते एकदम थबकले. लेखात म्हटले आहे ते हेच. मग हळूच खुर्चीच्या कडेवर बसले आणि आवाज खाली आणून विचारले, "कधी झालं?"

मी म्हणालो, आठ दिवस झाले.

त्यांनी विचारले, फार दिवस चाललं होतं का. मी म्हणालो, तीनच दिवस, पण तेवढ्यात माणसाचा जीव मेटाकुटीला आला. नासीर मिस्त्रीने शेवटपर्यंत हात सोडला नाही. शेठ म्हणाले, आपल्या हातात काय असतं. मी म्हणालो, तरी शेवटी दिसायला फार सुंदर दिसत होतं. त्यावर त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

मग स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, चूलही पेटली नाही वाटतं. मी अभिमानाने सांगितले, कालपासून नाही. शेठचे डोळे भरून आले. उठताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, काही लागलं तर माणूस पाठवा, संकोच करू नका.

बाकीच्या खोल्या पाहिल्याही नाहीत. दहा पावलांत निकाल.

ते गेल्यावर सौ. बाहेर आली. तिचे म्हणणे, शेठ दाराचे नव्हे, मेलेल्या माणसाचे विचारत होते. मी सोडून दिले. मोठ्या व्यापाऱ्यांची बोलण्याची तऱ्हा तिला काय माहीत.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

शेठकडून टोपलीभर पिठले-भाकरी आली. गिऱ्हाईक घरी जेवण पाठवते म्हणजे सौदा पक्का समजायला हरकत नाही.

सौ.ने टोपलीकडे पाहिले आणि खाली बसली. असे अन्न कोणत्या घरी पाठवतात, एवढेच तिने विचारले.

पिठले चांगले होते.

बुधवार, १७ फेब्रुवारी

सकाळपासून लोक भेटायला येत आहेत. अर्धे मी गेलो असे समजून सौ.ला भेटायला येतात, अर्धे सौ. गेली असे समजून मला. दोघांनाही जिवंत पाहून काहींचा चेहरा पडला. लांबून आले होते.

कचेरीतला जुना सहकारी सुकदेव शोकसभेचे भाषण लिहूनच आला होता. मला पाहून कागद खिशात घालू लागला. मी मागून घेतला. दीड पान. एकतीस वर्षांच्या नोकरीला दीड पान, त्यात 'मनमिळाऊ' हा शब्द लिहून खोडलेला. मी कारण विचारले. तो म्हणाला, आता तू आहेसच तर तो विषय कशाला.

एवढ्या गर्दीत एकानेही घराचा भाव विचारला नाही. जळगावची माणसे व्यवहारशून्य.

शनिवार, २० फेब्रुवारी

सकाळच्या मोटारीने जावईबापू धुळ्याहून आले. मी ऑफिसात बसलो होतो. मला पाहून दावणीच्या दगडावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

बातमी तिथवर पोहोचली होती. कोण गेले ते सांगणाऱ्याला नक्की माहीत नव्हते. कमल गुरुवारपासून अंथरुणात आहे. ताप आहे, पोटात अन्न नाही, धाकटे पोर शेजाऱ्यांकडे ठेवले आहे.

मी त्यांना लेखाविषयी सांगायला सुरुवात केली. सौ.ने तोवर गाठोडे बांधले. दुपारच्या मोटारीने ती त्यांच्याबरोबर गेली. जाताना एवढेच म्हणाली:

"घर विका नाहीतर राहू द्या. माणसं मारू नका."

हे बोलणे मला लागले. मी हे सगळे कोणासाठी करतो आहे?

मंगळवार, २ मार्च

जावयांचे कार्ड. कमलचा ताप उतरला. सौ. महिनाभर तिथेच राहील. पाडव्याच्या आत काही जमले तर कळवा, सौ. रोज शेजारच्या त्या रिकाम्या घराच्या ओट्यावर जाऊन झाडून येते, असे लिहिले आहे.

झाडायची घाई कशाला. सगळे प्लॅनप्रमाणे चालले आहे.

मोतीलाल शेठांच्या भावाने दुसरीकडे घर घेतले असे नासीर सांगतो. ज्या घरात नुकतेच कोणी गेले ते नको म्हणाले. कोणीही गेलेले नाही हे मी पेढीवर जाऊन सांगितले. शेठ म्हणाले, दुःखात माणूस असं बोलतो.

भाकरी मीच थापतो आहे. कडा जमते, मधले कच्चे राहते.

रविवार, १४ मार्च

आजचा दिवस महत्त्वाचा. पारोळ्याकडचे भिकन पाटील आणि त्यांची बायको झुंबरबाई घर पाहून गेले. नातवंडांच्या शाळेसाठी शहरात घर हवे आहे. जळगाव किंवा धुळे, दोन्ही चालेल. तालेवार माणसे.

या वेळी उदबत्ती नाही. चादर नाही. चुकांतून शिकणारा माणूस आहे मी.

झुंबरबाईंनी सगळे फिरून पाहिले आणि विचारले, "भाऊ, आठे म्हैस कोठे बांधानी?"

मी हसून सांगितले की सुधारलेल्या घरात जनावर ठेवत नाहीत, आणि ऑफिस दाखवले. त्या टेबलाशी वाकल्या, दावणीचा दगड हाताने चाचपला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बठ्ठं चांगलं शे, पन गोठा मोडी टाका." म्हणजे सगळे चांगले आहे, पण गोठा मोडून टाकला.

भिकन पाटलांनी विहिरीचे विचारले. मी तिच्यावर फळ्या टाकून फुलांच्या कुंड्या मांडल्या आहेत. बागेचा देखावा. त्यांनी कुंड्या पाहिल्या. दोघांच्याही मनात आमच्याविषयी काही हलके येते आहे असे वाटले, आणि ते मला सहन झाले नाही. मी स्पष्ट सांगितले की गोठा-विहिरीची किंमत मलाही कळते. मी स्वतः धुळ्याला जातो आहे ते घर बघा. दोन जनावरांचा गोठा, वर कौले. विहिरीला बारमाही गोडे पाणी. अंगणात निंब, उन्हाळ्यात दुपारी खाट टाकावी. शाळा एवढी जवळ की घंटा घरात ऐकू येते. शेजार माझ्या मुलीचा, त्याची हमी मी देतो.

अर्धा तास बोललो. झुंबरबाईंनी पापणी हलवली नाही. इतके एकाग्र श्रोते मला कचेरीतही लाभले नव्हते. पाटलांनी मालकाचे नाव, गल्ली, खुणा विचारल्या. पुढेमागे आमच्याकडे यायचे असेल म्हणून मी कागदावर नकाशाच काढून दिला.

निघताना पाटील माझ्या पाया पडायला वाकले. घर गेल्यात जमा.

शनिवार, २७ मार्च

होळी झाली. पाटलांचा निरोप नाही. कापणी-मळणीचे दिवस आहेत, माणसाला सवड कुठली.

मोकळ्या वेळात खिडक्यांना समुद्री हिरवा दिला. दोन उघडत नाहीत.

सोमवार, ५ एप्रिल

निरोप नाही. पाडवा सात दिवसांवर. धुळ्याच्या मालकाला पत्र लिहिले की सौदा पक्का होत आला आहे, गिऱ्हाईक अतिशय समाधानी आहे. दोन्ही गोष्टी मनापासून लिहिल्या.

रविवार, ११ एप्रिल

उद्या पाडवा. पाटील मुहूर्त गाठून उद्याच येणार, हे आता लक्षात येते. अशी माणसे शुभ दिवसाशिवाय व्यवहार करत नाहीत. ऑफिस झाडून बसलो आहे.

सोमवार, १२ एप्रिल

वाट पाहिली. नासीर तेवढा आला. सहा खुर्च्या मागत होता.

गुरुवार, २२ एप्रिल

धुळ्याहून पत्र. सौ.ला लिहिता येत नाही, म्हणून कमलच्या हातचे. उतरवून ठेवतो.

"ती. नानांस साष्टांग नमस्कार. आई सांगते तसे लिहिते. मालकाने पाडव्याच्या दुपारपर्यंत तुमची वाट पाहिली, मग शेजारचे घर पारोळ्याकडच्या पाटलांना दिले. पाटलीणबाई झुंबरबाई चांगल्या आहेत. गोठ्यात म्हैस बांधली आहे, माझ्या पोरांना रोज दूध देतात. आईला अक्का म्हणतात. त्या सांगत होत्या की या घराची बातमी जळगावच्या एका भल्या माणसाने दिली. त्याने सांगितले त्यातला एक शब्द खोटा निघाला नाही. आईने त्याचे नाव विचारले नाही.

आई म्हणते, मला बरे वाटले तरी ती आता इथेच राहील. तुमचे काय ते तुम्ही ठरवा. इथे आमच्याकडे जागा नाही हे तुम्हाला माहीतच आहे. शेजारी होती."

पत्र तीन वेळा वाचले. एक शब्द खोटा निघाला नाही, असे माझ्याविषयी आजवर कोणी म्हटले नव्हते. वाचून छातीत कसेसेच झाले. आनंद नसावा.

सौ. त्या ओट्यावर आता झाडायला जात नसेल.

सकाळपासून उत्तर लिहायला बसलो आहे. "सौ.स कळावे की" इथवर आले आहे.