टीम लीडरचा कोट

साउन ४, सकाळी
आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी आहे, कुणाला दाखवायची नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे. काय सांगावं.
काठमांडूच्या एका दूतावासाची जाहिरात वाचली. सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी लहान अनुदान. इथला एक लोककलाकार आणि सोबत एक टीम लीडर, पंधरा दिवस त्यांच्या देशात. देश नकाशात सापडायला अर्धा तास लागला. थंड आहे, एवढं नक्की.
आमच्या 'विश्वबंधुत्व सांस्कृतिक प्रतिष्ठान, पोखरा'साठीच काढल्यासारखी जाहिरात आहे. प्रतिष्ठानला आठ वर्षं झाली, पण काम करायची संधी आजवर कुणी दिली नाही. अध्यक्ष मी, तारानाथ रेग्मी. खजिनदार दुर्पता, म्हणजे बायको. सचिवपद रिकामं, कारण लायक माणूस मिळत नाही.
आता लोककलाकार शोधायचा. टीम लीडर सापडला आहे.

साउन ५
कलाकारही सापडला. सेतबहादुर गंधर्व, वरच्या वस्तीतला, वय सत्तर. गावोगावच्या बातम्यांची गाणी करायची आणि दारोदार सारंगीवर म्हणत हिंडायचं, हे गंधर्व जातीचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. दर दसैंला, म्हणजे दसऱ्याला, आमच्या अंगणात येतो, मला मानाने 'बाजे' म्हणतो. पहिलं कडवं झालं की मी तांदूळ देऊन वाटेला लावतो. म्हाताऱ्या माणसाचा वेळ का घ्या.
आज बोलावून घेतलं. चहा दिला. त्याचा ग्लास नळापाशी उपडा घातलेला असतो, पिऊन झालं की तो स्वतःच धुऊन ठेवतो. जातपात आम्ही मानत नाही. ही फक्त शिस्त. प्रपोजलमध्ये 'सामाजिक समता' असा स्वतंत्र परिच्छेद टाकतो आहे.
त्याला सगळं समजावलं. त्याने एवढंच विचारलं, की तिकडे लोक गाणं शेवटपर्यंत ऐकतात का. तळ्याकाठच्या हॉटेलांत तो वाजवतो तेव्हा माणसं जेवत असतात म्हणे. नात सरला छान वाजवते, पण तिने आखाताला जायचे कागद केले आहेत. ऐकणाराच नाही तर शिकून काय करू, असं तिचं म्हणणं. कुणी एकदा पुरतं ऐकलं तर तिला अडवायला तोंड राहील, असं तो म्हणाला.
मी म्हटलं, माझ्यावर सोड.

साउन ११
प्रपोजल पाठवलं. बेचाळीस पानं. माझा परिचय सहा पानं, सेतबहादुरचा चार ओळी. त्याच्याकडे प्रमाणपत्रं नाहीत त्याला मी काय करणार.

साउन २०
चिप्लेढुंगा बाजारातल्या शिंप्याकडे गरम कोट शिवायला टाकला. दुर्पता म्हणाली, बाजारात तुरी. हिला दूरदृष्टी नाही. आतून स्वेटर मावावा म्हणून ऐसपैस मापं घेतली. बाह्यांचं माप इंचभर लांबच घेतलं गेलं आहे. परदेशात तशीच फॅशन असेल.
संकल्प: रोज अर्धा तास थंड पाण्याने आंघोळ. सवय हवी.

साउन २१
गरम पाण्याने केली. सर्दी झाली तर दौरा बुडेल.

भदौ ५
दूतावासाचा ईमेल. कारिन मॅडम, सांस्कृतिक अधिकारी, १८ तारखेला स्वतः येणार. सकाळी अकराला पोचणार, साडेतीनच्या विमानाने परत. लिहितात, औपचारिक काही नको. तासभर वादन ऐकेन, कलाकारांशी बोलेन, मग ठरवू.
'काही नको' म्हणणं ही मोठ्या माणसांची विनम्रता असते. आपल्याकडे पाहुणा पुरे म्हणाला की आणखी एक डाव भात वाढतात. हे न कळण्याइतका मी अडाणी नाही.

भदौ ९
मंचाची यादी केली. सभापती मी. प्रमुख अतिथी मॅडम. मग अतिविशिष्ट अतिथी, विशिष्ट अतिथी आणि नुसते अतिथी. एकूण चौदा.

भदौ १२
एकोणीस. वॉर्डाच्या अध्यक्षांना बोलावलं तर माजी अध्यक्षांना कसं वगळणार. माजींना बोलावलं, तर त्यांच्याकडून हरलेले रुसले. व्यापार संघाचे सचिव म्हणाले, मला खुर्चीची हौस नाही, फक्त नाव कुठे येतंय ते कळवा.

भदौ १६
सत्तावीस. शाळेच्या सभागृहाच्या मंचावर चौदा खुर्च्या मावतात. दोन रांगा करू.
बॅनर आला. माझा फोटो अंमळ मोठा झालाय. सारंगीचं चित्र कोपऱ्यात आहे, पण शोधलं की दिसतं.
दुर्पताने विचारलं, सेतबहादुर कुठे बसणार. मी म्हटलं, कलाकार बसत नसतो, तो सादर होतो. तो आणि सरला मंचामागच्या खोलीत थांबतील. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचा क्रमांक एकोणिसावा.

भदौ १८, सकाळी ९
ऐतिहासिक दिवस. नवा कोट घातला. उकाडा आहे, पण पहिली छाप महत्त्वाची.

भदौ १८, संध्याकाळी
कार्यक्रम अत्यंत यशस्वी. तपशील येणेप्रमाणे.
मॅडम अकराला पाच कमी असताना आल्या. सभागृहात त्या, मी आणि माइकवाला. इतर मान्यवर साडेबारापासून येऊ लागले. तोवर मॅडमना प्रतिष्ठानचा इतिहास सांगितला, दोनदा.
पाऊण वाजता आसनग्रहण सुरू. एकेकाचं नाव, पद, टाळ्या, छातीला बॅज, गळ्यात खादा, म्हणजे मानाचं रेशमी उपरणं, मग खुर्ची. सतराव्या नावाला घोटाळा झाला. माजी अध्यक्षांच्या आधी विद्यमान अध्यक्षांच्या मेव्हण्याला पुकारलं गेलं. माजी उठून दारापर्यंत गेले. चौघांनी समजूत काढून त्यांना आणलं आणि आसनग्रहण पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मॅडमना दुसऱ्यांदा बसवलं. त्या उठल्या आणि बसल्या, कुरकुर नाही. संस्कारी बाई. मागच्या रांगेतली एक खुर्ची मोडली, पण पत्रकार अजून आले नव्हते.

भदौ १८, नंतर
दमलो आहे. पुढे लिहितो.
मग मंतव्यं, म्हणजे भाषणं. प्रत्येक वक्त्याने आधी सत्तावीसही जणांचं नाव घेऊन आदर व्यक्त केला. तेवढ्यालाच चार मिनिटं जातात. मग 'मला फार काही बोलायचं नाही' म्हणून वीस मिनिटं. मॅडमच्या गळ्यात खादे इतके झाले, की पुढे नुसते डोळे दिसत होते. त्यांनी मला चिठ्ठी दिली: संगीत कधी? मी उत्तर लिहिलं: लवकरच. मग स्वतःचं भाषण आटोपशीर केलं, अवघी पस्तीस मिनिटं.
पावणेतीनला ड्रायव्हर येऊन उभा राहिला. मॅडम उठल्या. तेव्हा अकरावा क्रमांक चालू होता. जाता जाता त्या मंचामागच्या खोलीत डोकावल्या. सेतबहादुर सकाळी दहापासून सारंगी मांडीवर घेऊन तिथे बसला होता. मॅडमनी हात जोडले, घड्याळ दाखवलं. त्यानेही हात जोडले. त्या गेल्या.
मग सेतबहादुर सारंगी पिशवीत घालू लागला. मी म्हटलं, थांब, क्रमांक येईल. तो म्हणाला, "बाजे, खुर्च्यांनी ऐकलं ना, झालं."
एकूण छान झालं. मॅडम प्रभावित दिसल्या. बोलल्या नाहीत.

भदौ १९
पूर्ण दिवस झोपलो. दुर्पता कामापुरतं बोलते आहे. तिच्या मते मी म्हाताऱ्याचं वाटोळं केलं. सत्तावीस माणसं सांभाळून बघ म्हणावं.

असोज २
दूतावासाचं पत्र. इंग्रजी अवघड आहे. दोनदा वाचलं, सवडीने पुन्हा वाचेन.

असोज ३
पुन्हा वाचलं. प्रतिष्ठानचा प्रस्ताव मान्य करता येत नाही, असं त्यात ढोबळमानाने आहे. पुढे लिहिलंय, की श्री. गंधर्व यांना ऐकायचं राहून गेलं. त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. सोबत एका गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवावं, सोबती घरचा असला तरी चालेल. फॉर्म एक पानी. मुदत असोज १५. कृपया त्यांना कळवावं.
कळवायचं तर आहेच. पण अपेक्षा वाढवून मग निराशा झाली तर सत्तरीच्या माणसाला सोसेल का, याचा विचार आधी कुणीतरी करायला हवा. मीच करतो आहे.
पत्र सुरक्षित राहावं म्हणून नव्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

असोज ७
विचार चालू.

असोज ९
बाजारात सरला भेटली. पुढच्या महिन्यात तिचा आखाताचा इंटरव्ह्यू आहे. आजोबा कसे आहेत विचारलं. भिंतीला सारंगी टांगून ठेवलीय म्हणाली. माझी मान खाली गेली. बुटाची नाडी सुटली होती.

असोज १०
उद्या कळवतो.

असोज ११
पाऊस. वस्तीची चढण निसरडी असते.

असोज १२
ऊन पडलं. गुडघा दुखतो.

असोज १३
अनर्थ. दसैंच्या आधी गरम कपड्यांना ऊन दाखवायचं म्हणून दुर्पताने कोट दोरीवर घातला आणि घालण्याआधी खिसे झाडले. मी दाढी करत होतो. बाहेर आलो तर कोट दोरीवर आणि बाई गायब.
दुपारी आली. वस्तीत जाऊन पत्र देऊन आली होती. मी म्हटलं, माझ्या खिशातलं पत्र न विचारता? ती म्हणाली, "खिसा तुमचा, पत्र त्याचं."
मी दोरीवरचा कोट काढून आत नेला.

असोज १५
सरलाने मोबाईलवर अर्ज पाठवला म्हणे. मी मार्गदर्शन करायला तयार होतो. कुणी विचारलं नाही.

असोज २५, दसैं
यंदा सेतबहादुर अंगणात आला नाही. तांदूळ सुपात काढून ठेवले होते. संध्याकाळी दुर्पताने ते परत डब्यात ओतले. नळापाशी उपडा ग्लास होता, तोही तिने घासला आणि घरातल्या ग्लासांत नेऊन ठेवला. आता त्यातला कुठला तो ओळखू येत नाही.

कात्तिक १४
निवड झाली. सेतबहादुर गंधर्व आणि सोबती सरला गंधर्व. पोरीने आखाताचे कागद मागे घेतले. मंसीर ४ ला प्रयाण.
मुळात कल्पना माझी होती, हे विसरता कामा नये. मी तर विसरलेलो नाही.

मंसीर १
दुर्पता म्हणाली, तिकडे बर्फ पडतंय आणि म्हाताऱ्याकडे एक विटका स्वेटर आहे. मी म्हटलं, दूतावासाने बघावं. तिने कपाट उघडलं आणि माझ्याकडे पाहत उभी राहिली.
मी म्हटलं, ने.

मंसीर ३, संध्याकाळी
वस्तीत निरोपाचा कार्यक्रम. आमंत्रण दुर्पताला होतं, पण मीही गेलो. खिशात दोन पानी भाषण आणि जुना 'सभापती'चा बॅज.
मंच नव्हता. अंगणभर चटया. कुणी कुणाला पुकारत नव्हतं, येईल तो दिसेल तिथे बसत होता. मी जरा वेळ उभा राहिलो, नाव घेतील म्हणून. मग पाय दुखायला लागले आणि बसलो.
सेतबहादुर कोट घालून आला. बाह्या बरोबर बसल्या. माझ्यापेक्षा बऱ्या दिसत होत्या, हे इथे लिहायला हरकत नाही.
एका मुलीने सगळ्यांबरोबर मलाही चहा आणून दिला. दुर्पताने घेतला होता, म्हणून मीही घेतला. बरा होता.
मग एकदम गाणं सुरू. बातमीचं गाणं, नवं. एका गावात एका कलावंताला ऐकायला दूर देशाहून बाई आली. गावाने तिला सत्तावीस खुर्च्या ऐकवल्या. दुसऱ्या कडव्यात एक पत्र अर्ध्या जगातून आलं आणि एका खिशात अडकलं. लोक हसून लोळत होते. दुर्पता डोळे पुसत होती. तिसऱ्या कडव्यात नाव आलं: तारानाथ रेग्मी. सगळं अंगण माझ्याकडे वळलं.
उठून जायचं होतं, पण चटईवरून लवकर उठता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत ऐकलं. सेतबहादुरचं गाणं मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. चौथ्या कडव्यात ऊन पडतं, कोट दोरीवर जातो, आणि म्हातारा भिंतीवरची सारंगी काढतो. तिथे तो जे वाजवतो, ते मला लिहिता येणार नाही. इतकी वर्षं मी कडव्याला एक मूठ तांदूळ देऊन हे परत पाठवत होतो.
नंतर त्याला विचारलं, हे इथल्यापुरतंच ना? तिकडे काही भक्तिगीत वगैरे म्हणशील?
तो म्हणाला, "नाही बाजे. अर्जाबरोबर हेच पाठवलं होतं. मॅडमनी हेच म्हणायला सांगितलंय."
सरला म्हणाली, भाषांतर तिने केलं आहे. नाव मात्र आहे तसंच ठेवलंय.
निघताना ग्लास कुणाकडे द्यावा ते कळेना. इथे ज्याचा त्याने धुवायचा असतो, असं त्या मुलीने सांगितलं. धुऊन उपडा ठेवला.