सफरचंदाच्या वाइनची शेवटची टाकी

प्रिय नाकाडे,

मी तुझी आजी. ओळख लागावी म्हणून सांगते: बुटकी, बोळक्या तोंडाची, लहानपणी न्हाऊ घालताना तू जिच्या हाताला कडकडून चावायचीस ती. तुझा तरी काय दोष? तुमच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायला आलेल्या बाटल्यांना नाव नसतं, नुसता आकडा असतो. तीच सवय लागली असेल. मलाही एखादा आकडा देऊन टाक, म्हणजे आठवेन.

पत्र मी सांगतेय आणि लिहितंय दुसरंच कुणी. अक्षरांशी माझी कधी गट्टी जमली नाही. लिहिणारा आज भारी कुरकुरतोय, हे कशाला आणि ते कशाला. मी म्हटलं, तोंड माझं आहे, तू नुसता हात आहेस, हाताने मत देऊ नये.

इकडे सगळं बरं आहे, म्हणजे शांत आहे. तळघरातल्या फळ्या रिकाम्या झाल्यात. बाटल्यांवर लेबलं मीच चिकटवायचे ना, आता हात मांडीवर नुसते पडून असतात. लेबलांवर काय छापलंय ते मला कधी कळलं नाही. चित्रातल्या सफरचंदाचा देठ वर आला की लेबल सरळ, एवढंच माझं शिक्षण. तू शेजारी बसून बुचं हुंगायचीस आणि डोळे मिटून सांगायचीस, ही कोपऱ्यातल्या पिंपातली, ही खिडकीजवळची. तुझा बाप येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून तुझं नाक दाखवायचा, जसं काही ते त्यानेच घडवलं होतं.

त्या वर्षी त्याने घाई केली. वाइन अजून टाकीत बारीक फसफसत होती आणि दुकानदार रोज फोन करत होते. त्याने त्या दिवशीचा दारूचा जोर मोजला, तोच लेबलावर छापून घेतला आणि बाटल्या भरून मोकळा झाला. ती मात्र बाटलीतही आंबत राहिली. दोन-चार बुचं आपोआप उडाली, तेव्हा म्हणाला, आमची वाइन खेळकर आहे. लेबलावर सात टक्के आणि आत आठाच्या वर. मला वाटायचं, एवढ्याने काय बिघडतं, पिणाऱ्याला फुकटच जास्त मिळालं की. तूच मग समजावलंस, की दोन पेले पिऊन गाडी घरी न्यायची की नाही, हे माणूस त्या लेबलावर भरवसा ठेवून ठरवतो.

तुमच्या अबकारी खात्याच्या माणसाने दुकानातून एक बाटली उचलली, तिच्यावर आकडा घातला आणि ती नेमकी तुझ्याच टेबलावर आली. तू बूच काढलंस आणि तुझ्या नाकाने घर ओळखलं. नियमाप्रमाणे तू साहेबांना सांगितलंस, ही आमच्या घरची आहे, मी हिला हात लावणार नाही. तपासणी दुसऱ्याने केली. आणि नियमाप्रमाणेच निकाल येईपर्यंत तू घरी अवाक्षर काढलं नाहीस. त्या रविवारी जेवायला आलीस, मान खाली घालून जेवलीस. मी मेली चिडवत बसले, कुणाच्या प्रेमात पडलीस का गं म्हणून. तू हसलीसही.

निकाल लागला, परवाना थांबला, आणि काय घडलं ते तू स्वतः येऊन सांगितलंस. तुझ्या बापाने परवान्याचं एवढं मनाला लावून घेतलं नाही. ते जेवण लावून घेतलं. माझ्यासमोर बसून जेवली आणि बोलली नाही, म्हणाला. नुसता एक फोन, आणि मी सगळ्या बाटल्या परत मागवल्या असत्या. त्या फोनने तुझी नोकरी गेली असती, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. या घरात तपासनीस नको, असं तो दारात उभा राहून ओरडला. तू बुटांच्या नाड्याही न बांधता गेलीस. (इथे लिहिणारा थांबलाय. थांबू दे. मला घाई नाही.)

परवाना परत मिळत होता, पण त्याने तो कायमचा सोडायचं ठरवलं. म्हणाला, मन उडालं. आता नियम असा, की उरलेली वाइन विकता येत नाही, कुणाला फुकट देताही येत नाही. खात्याच्या माणसासमोर गटारात ओतायची. शेवटची टाकी येत्या गुरुवारी सकाळी ओतायची आहे.

ओतताना मालकाच्या बाजूने एक साक्षीदार लागतो. तुला माहीत आहे, तुझा बाप जन्मात कधी कुठल्या साहेबाला आपणहून काही विचारायला गेला नाही. परवा त्याने फोन लावला आणि विचारलं, माझी मुलगी साक्षीदार चालेल का. ती खात्यात आहे, चालणार नाही, असं उत्तर आलं. मग हळूच म्हणाला, सही नको करायला, नुसती माझ्या शेजारी उभी राहिली तर? तेवढ्याला हरकत नाही म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे आला, कागद मांडला आणि म्हणाला, आई, तू सांग, मी लिहितो. अक्षर तर तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. माफीचं मी सांगायला गेले तर म्हणाला, ते तुझ्या तोंडचं नको, ते मी तिला समोर म्हणेन. म्हणून ये. साक्षीला शेजारचा सुतार आहे, सही तो करेल. आणि तुझं काय ठरलं ते आम्हाला आधी कळावं, म्हणून बुधवारपर्यंत पोचेल असा एक केक पाठव. येणार असलीस तर तिघांना पुरेल एवढा, नसलीस तर दोघांना. कसाही पाठव, पण रम घातलेला नको. या घराला आता परवाना नाही.

तुझीच,
अंगठेबहाद्दर आजी