तुझ्या खोलीचं दार

प्रिय ताई,

आज कंत्राटदाराशी वाद मिटला एकदाचा. तुझ्यासाठी बांधलेल्या खोलीचं दार इतकं अरुंद निघालं, की तुझी व्हीलचेअर आत जाईना. तो म्हणाला, "बाई, नकाशात होतं तसंच केलंय." वाद लवादाकडे गेला, तर त्यांनी बजावलं, "निकाल लागेपर्यंत तो पुरावा आहे. विटेलाही हात लावू नका." दोन वर्षं दार तसंच राहिलं आणि तू वृद्धाश्रमात.

आता तो दार रुंद करून देणार आहे. तुला सांगायला धावत आले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, आता तुला हलवायचं नाही. तू शाळेतल्यासारखा हात वर करून मलाच विचारलंस, "मिस, मी घरी जाऊ?"

"जा हं," म्हटलं, आणि एकटीच घरी आले.

तुझी,
धाकटी